दुसरी रेघ

हा विषय स्मरणिकेत कशासाठी, असं काही वाचकांच्या मनात येईल. पाककृती, प्रवासवर्णनं आणि मुलांच्या चित्रांच्या शेजारी गर्भचाचणीच्या पट्टीवर लेख म्हणजे जरा अतीच झालं, असंही कुणी म्हणेल. पण मंडळी, आपल्यापैकी किती घरांत कुणीतरी ती पट्टी बाथरूमच्या दिव्याखाली धरून, तिरकी करून, पुन्हा सरळ करून बघितलेली आहे, याचा क्षणभर विचार करा. त्याबद्दल आपण चकार शब्द बोलत नाही. बारसं झालं की पेढे वाटतो, पण त्याच्या नऊ महिने आधीची ती पाच मिनिटं मात्र कुणाच्या गप्पांत कधी येत नाहीत. मला ती पाच मिनिटं फार महत्त्वाची वाटतात. अर्धवट पुराव्यावर माणसानं काय मानावं, कसं वागावं आणि कुणाला काय सांगावं, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न त्या पाच मिनिटांत घरच्या घरी उभा राहतो.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी आयटी कन्सल्टंट. इंजिनिअरिंग पुण्यात, मास्टर्स इंग्लंडात आणि २००८ पासून मुक्काम दुबई. बँकांच्या व्यवहारांमधून फसवणुकीचे व्यवहार हुडकून काढणाऱ्या सिस्टिम्स बसवायच्या, हे माझं काम. थोडक्यात, 'ही खूण खरी की नुसता भास' या प्रश्नावर माझं पोट चालतं. त्यामुळे असेल कदाचित, पण मैत्रिणी, बिल्डिंगमधल्या नव्या लग्नाच्या मुली, भारतातली चुलत नणंद, सगळ्या मला कधी ना कधी तो फोटो पाठवतात. सोबत एकच ओळ असते, "ताई, बघा ना, दुसरी रेघ दिसतेय का?" काही जणी फोटो मोठा करून पाठवतात, काही जणी त्याचे रंग उलटे करून. पहिली रेघ ठसठशीत असते. दुसरी कधी असते, कधी नसते आणि कधी असल्यासारखी वाटते. सगळा घोळ या तिसऱ्या प्रकारात आहे.

आधी पट्टीत काय घडतं ते बघू. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करू लागतात. रुजण्याची ही क्रिया स्त्रीबीज सुटल्यानंतर साधारण सहा ते बारा दिवसांत होते. पुढचे काही आठवडे हे संप्रेरक दर दोन-तीन दिवसांनी जवळजवळ दुप्पट होत जातं. पट्टीवर लघवी चढते तेव्हा रंगीत कण चिकटवलेली प्रतिपिंडं तिच्याबरोबर पुढे सरकतात. पुष्कळ पट्ट्यांमध्ये हे कण चक्क सोन्याचे असतात. सोन्याचे अतिसूक्ष्म कण लालसर दिसतात, म्हणून रेघ गुलाबी उमटते. वाटेत एचसीजी भेटलं तर ते कण चाचणीच्या रेघेवर अडकतात. उरलेले पुढच्या रेघेवर अडकतात आणि पट्टी नीट चालली एवढंच ती रेघ सांगते. कोविडच्या काळात 'सी' आणि 'टी' या दोन अक्षरांकडे आपण सगळ्यांनीच डोळे लावून बघितलं. तेच हे तंत्र.

आता गंमत अशी की, संप्रेरक हळूहळू वाढतं पण आपल्याला उत्तर मात्र हो किंवा नाही यातच हवं असतं. बऱ्याच पट्ट्या दर मिलीलिटरला २५ मिली-एककं एवढ्या पातळीपासून रेघ दाखवतात. पाळी चुकायच्या आधीच चाचणी केली, किंवा दिवसभर भरपूर पाणी पिऊन संध्याकाळी केली, तर रेघ पुसट येते. दिलेल्या वेळेत, म्हणजे साधारण तीन ते पाच मिनिटांत, फिकट पण रंग असलेली रेघ उमटली तर तिचा अर्थ बहुधा 'हो' असाच असतो. पट्टी तशीच ओट्यावर पडून राहिली आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघितली, तर ओल सुकून एक करडी, रंगहीन खूण दिसू शकते. ती काहीच सांगत नाही. शिवाय वंध्यत्वाच्या उपचारात स्त्रीबीज सुटावं म्हणून एचसीजीचंच इंजेक्शन देतात. त्याचा अंश अंगात असेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, पट्टी फसवी रेघ दाखवू शकते. या तीन गोष्टींपलीकडे फोटो कितीही मोठा केला तरी हाती काही लागत नाही.

कुणी म्हणेल, मग डिजिटल चाचणी घ्यावी, सरळ अक्षरांत उत्तर मिळतं. मिळतं खरं. पण ते यंत्र उघडून बघा. आत तीच पट्टी असते आणि तिच्यावर एक प्रकाशाचा डोळा रोखलेला असतो. अमुक इतका रंग असेल तर 'हो' म्हणायचं, नाहीतर 'नाही', अशी सीमारेषा कुणा इंजिनिअरने आधीच आखून दिलेली असते. संशय काही संपलेला नसतो, तो आपल्या डोळ्यांआड यंत्राच्या पोटात गेलेला असतो, इतकंच. माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. सीमारेषा खाली आणली की निर्दोष ग्राहकाचं कार्ड अडतं, वर नेली की चोर निसटतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करणारी रेषा अजून तरी मला कुठे भेटलेली नाही.

आणि रेघ एकच असली तरी तिचं वजन सगळ्यांच्या हातात सारखं नसतं. समजा एक हजार बायका अशा आहेत की, मूल हवं आहे आणि पाळी लांबली आहे. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ५००, खरोखर गरोदर आहेत. दुसऱ्या एक हजारांत फक्त १० गरोदर आहेत. पट्टी गरोदर असलेलीला कधी चुकवत नाही, पण नसलेल्या शंभरांत एकीला खोटी रेघ दाखवते, असं धरून चालू. पहिल्या गटात ५०० खऱ्या रेघा आणि ५ खोट्या. दुसऱ्या गटात १० खऱ्या आणि जवळजवळ १० खोट्या. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण हिशेब खरा आहे. टॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याने तो मांडला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली तो छापला गेला. सांगायचं काय, तर नुसती रेघ बघून भागत नाही, रेघ कुणाची आणि कुठल्या दिवसाची तेही विचारावं लागतं.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने तर याचा फार पूर्वीच विचार करून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांचं ज्ञान आवश्यक म्हटलं आहे, त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा येतो तो संशय. संशय म्हणजे अज्ञान नव्हे. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं, ते खांब आहे की माणूस? उंची दोघांनाही लागू पडते. फरक ठरवणारी खूण अजून दिसलेली नाही. म्हणजे दिसलं ते खरंच आहे, प्रश्न अर्थाचा आहे. नैयायिक म्हणतात, संशयातून जिज्ञासा निर्माण होते आणि मग तपास सुरू होतो. तेव्हा संशय ही काही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही. तपास व्हायच्या आधीच त्याला निर्णयाचे कपडे घालणं मात्र चूक.

या देशात राहणाऱ्यांना याचा एक सुंदर नमुना दरवर्षी बघायला मिळतो. शाबान महिन्याच्या २९ तारखेला संध्याकाळी चंद्रदर्शन समिती बसते. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला केसाएवढी कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी रमजान सुरू. अबुधाबीच्या अल खातम वेधशाळेतून दुर्बिणीने कोरीचे फोटो घेतात, आणि कोर दिसली तर कळवा, असं आवाहन सामान्य लोकांनाही केलं जातं. कुणी साक्ष दिली तर ती तपासून बघतात. आणि नाहीच दिसली तर? तर वाद न घालता महिन्याचे तीस दिवस पूर्ण करायचे. मला या नियमातलं शहाणपण फार आवडतं. पुसट खुणेवरून भांडत बसण्यापेक्षा एक दिवस थांबणं, हीसुद्धा निर्णयाची एक पद्धत आहे. आपल्या बायका संकष्टीला गॅलरीत चंद्र शोधतात, तेव्हा निदान चंद्रोदयाची वेळ तरी ठाऊक असते. फक्त कालनिर्णयात मुंबईची वेळ बघून इथे दुबईत उपास सोडायचा नाही, एवढं पाळायचं. आणि शिवरायांच्या राजमुद्रेत कुठली उपमा आहे? प्रतिपदेच्या चंद्रकोरीची. पौर्णिमेचा पूर्ण चंद्र सोडून ही जेमतेम दिसणारी कोर निवडली, कारण ती दिवसेंदिवस वाढत जाते. पट्टीचंही तसंच आहे. आजच्या रेघेपेक्षा परवाची रेघ गडद झाली का, यात खरी माहिती असते. संप्रेरक दुपटीने वाढतं म्हणून अठ्ठेचाळीस तास थांबून पुन्हा चाचणी करा, असं डॉक्टर सांगतात, त्यामागचं कारण हेच.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. पुसट रेघ बघून 'मी आई होणार' असं मानण्याचा अधिकार मला आहे का?

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 'श्रद्धेची नीती' या अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण आजवर इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही पण होईल, अशी तो मनाची समजूत घालतो आणि देश सोडून निघालेल्या कुटुंबांना जहाजावर चढवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहेच, आणि जहाज बुडालं नसतं तरी तितकाच दोषी असता. कारण पुराव्याने जे मानण्याचा हक्क त्याला दिला नव्हता ते त्याने मानलं. याला १८९६ साली अमेरिकेच्या विल्यम जेम्सने उत्तर दिलं. काही प्रश्न असे असतात की ते टाळता येत नाहीत, त्यावर फार मोठं काही अवलंबून असतं आणि पुरावा वेळेत पुरा होणार नसतो. अशा वेळी मनाच्या ओढीने विश्वास ठेवणं गैर नाही, उलट विश्वासाशिवाय काही गोष्टी घडतच नाहीत.

मी वर्षानुवर्षं या दोघांमध्ये हेलपाटे घातले आहेत. आता मला वाटतं की आपण तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधतो, म्हणून गोंधळ होतो. मानणं, वागणं आणि सांगणं, या त्या तीन गोष्टी.

मानण्याच्या बाबतीत मी क्लिफर्डच्या बाजूची. कारण जेम्सची एक अट इथे पुरी होत नाही. पुरावा इथे येणार आहे, तोही दोन दिवसांत, फारसा खर्च न होता. तोवर 'कळलेलं नाही' या जागी उभं राहणं कठीण असतं, पण अशक्य नसतं.

वागण्याच्या बाबतीत मात्र हिशेब पूर्ण उलटा. इथे रेघ पुसट असली तरी ती खरी आहे असं धरूनच चालावं. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं आणि गर्भ नसला, तर काही बिघडत नाही. गर्भ असला आणि आपण एखादं अपायकारक औषध किंवा दारू चालू ठेवली, तर नुकसान भरून येणारं नाही. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे काढतात. तिथल्या बाईंनी "गरोदर आहात का?" विचारलं तर "शक्यता आहे" एवढं सांगणं पुरेसं असतं. आणि पुसट रेघेबरोबर पोटात एका बाजूला दुखत असेल, रक्तस्राव होत असेल, चक्कर येत असेल, तर दोन दिवस थांबूसुद्धा नये. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल तर जिवावर बेतू शकतं, आणि अशा वेळी पुष्कळदा रेघ पुसटच राहते. थोडक्यात, मनाने थांबावं आणि हाताने थांबू नये. यात विसंगती नाही. पाऊस येईल असं न मानताही आपण छत्री घेतोच की.

तिसरी गोष्ट सांगण्याची. यात सगळ्यात जास्त माणसं गुंतलेली असतात आणि सगळ्यात जास्त दुखावलीही जातात. आपल्याकडे 'बाजारात तुरी' म्हणून सावध करतात, तीन महिने कुणाला सांगायचं नाही असा दंडक असतो. पण त्याच परंपरेत चोरओटी पण आहे, हे आपण विसरतो. सातव्या महिन्यात चारचौघींत डोहाळजेवण, पण त्याच्या कितीतरी आधी, साधारण तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता घरच्या एक-दोन बायकांनी ओटी भरायची. म्हणजे आपल्या आज्यांनी बातमीचे टप्पे केले होते. सगळ्यांना नाही, पण कुणालाच नाही असंही नाही. परदेशात आपण त्यातलं 'सांगू नये' तेवढं बरोबर आणलं आणि त्या एक-दोन बायका तिकडेच राहिल्या.

याचा माझा स्वतःचा एक अनुभव आहे. नवऱ्याशी बोलूनच इथे लिहिते आहे. २०१२ साली आम्ही करामात राहत होतो. दोन वर्षं वाट बघितल्यावर एका सकाळी दुसरी रेघ उमटली. मी नवऱ्याला विचारलं, "दिसतेय का तुला?" तो पट्टी खिडकीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "आहे. पण पुसट आहे." त्याने आणखी एक शब्दही जोडला नाही आणि मला ते आजही बरोबर वाटतं. दोन दिवसांनी रेघ आणखी फिकट झाली. रक्ततपासणीत आकडा जेमतेम होता. पाचव्या दिवशी पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी याला 'केमिकल प्रेग्नन्सी' म्हणतात असं सांगितलं. भारतातून फोनवर एका वडीलधाऱ्या बाईंनी मायेनेच समजूत घातली, "अगं, काही नव्हतंच ते. मनाला लावून घेऊ नकोस."

'काही नव्हतंच' हे वाक्य माझ्या डोक्यात बराच काळ फिरत राहिलं. कारण वस्तुस्थिती म्हणून ते बरोबर नाही. इंजिनिअर म्हणून विचार केला तरी नाही. रुजल्याशिवाय ते संप्रेरक शरीरात आलंच नसतं. तेव्हा काहीतरी होतं, चार-सहा दिवस होतं. ते 'मूल' होतं का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकजण आपापल्या श्रद्धेप्रमाणे देईल. पण नव्हतंच म्हणणं आणि फार लहान होतं म्हणणं, यात अंतर आहे. १९८८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास छापून आला. मूल हवं असलेल्या या स्त्रियांचे लघवीचे नमुने रोजच्या रोज तपासले होते. १९८ गर्भधारणा आढळल्या. त्यांतल्या २२ टक्के, गर्भधारणा झाल्याचं एरवी लक्षात येण्याआधीच संपल्या. नंतरचे गर्भपात धरून एकूण प्रमाण ३१ टक्के होतं. आपल्या आज्यांच्या बाबतीतही हे असंच घडत असणार. त्यांना वाटायचं, या वेळी पाळी चार दिवस उशिरा आली. त्यांच्याकडे रेघ नव्हती, म्हणून दुःखही नव्हतं.

मग रेघ नसलेली बरी होती का? नाही म्हणवत. एकेकाळी हे उत्तर उंदरांकडून, बेडकांकडून आणि नंतर प्रयोगशाळेकडून यायचं, ते डॉक्टरांना कळायचं आणि मग डॉक्टर बाईला सांगायचे, कधी कधी आधी तिच्या नवऱ्याला. १९६७ साली न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन कंपनीत सौंदर्यप्रसाधनांची पॅकिंग डिझाइन करणाऱ्या मार्गारेट क्रेन यांनी प्रयोगशाळेत ओळीने टांगलेल्या परीक्षानळ्या बघितल्या. हे बाईला घरीच का करता येऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. एक नळी, खाली छोटा आरसा, दोन तासांनी आरशात वर्तुळ दिसलं तर गरोदर. कंपनीत पुष्कळ विरोध झाला. १९७१ साली ती चाचणी कॅनडात विक्रीला आली, अमेरिकेत यायला आणखी सहा-सात वर्षं गेली. क्रेनबाईंनी पेटंटचे हक्क एका डॉलरला लिहून दिले होते. त्यांच्यामुळे स्वतःच्या शरीराची बातमी सगळ्यांत आधी स्वतः वाचण्याचा मान बाईला मिळाला. तो मान परत द्यावा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण हा मान सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे इथे राहून विसरता येत नाही. आपल्या घरी रेघ उमटली तर बहुधा आनंद होतो, निदान शांतपणे विचार तरी करता येतो. घरकामासाठी या देशात येणाऱ्या स्त्रियांच्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत गर्भचाचणीही असते. तिथे रेघ तिच्या आधी दुसरंच कुणी वाचतं आणि तिच्या नोकरीचं भवितव्य त्यावर ठरू शकतं. लग्नाशिवाय राहिलेला गर्भ म्हणजे इथे कायद्याचाही प्रश्न. पूर्वी तो अधिक कडक होता. जानेवारी २०२२ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार असा खटला नवरा किंवा पालक यांच्या तक्रारीवरूनच चालतो, आणि जन्मलेल्या मुलाला पालकांनी रीतसर आपलं म्हणणं, त्याची कागदपत्रं करणं यावर भर आहे. पण भीती काही एका दिवसात जात नाही. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मुलीने घाबरत घाबरत पट्टी दाखवली, तर 'दिसतेय का?' या प्रश्नाचं तिला हवं असलेलं उत्तर आपल्या मैत्रिणीच्या अगदी उलट असू शकतं. रेघ तीच. म्हणूनच बघणाऱ्याने आपल्या मनातली इच्छा रेघेत ओतू नये.

तर मला फोटो येतो तेव्हा मी काय करते? जे दिसतं ते सांगते आणि त्याचा अर्थ सांगत नाही. "हो, मला फिकट गुलाबी रेघ दिसतेय. किती मिनिटांनी बघितलीस? परवा सकाळी उठल्या उठल्या पुन्हा कर." नसेल दिसत तर "मला दिसत नाहीये" असं सांगते. "नाहीये" असं म्हणत नाही. कारण 'मला दिसत नाही' आणि 'नाही' या दोन वाक्यांत फार फरक आहे. "शंभर टक्के आहे, पेढे तयार ठेव" असंही म्हणत नाही. खोटी आशा देणं जितकं वाईट, तितकंच खरी आशा आपल्या सावधपणाच्या नावाखाली विझवून टाकणंही वाईट. आणि मग विचारते, "घरी कोण आहे तुझ्याबरोबर?" कारण पुष्कळदा फोटो पाठवणारीला माझ्या डोळ्यांची गरज नसते. तिला रेघ केव्हाच दिसलेली असते, किंवा दिसत नाही हे कळलेलं असतं. ती गोष्ट एकटीने बघायला नको, एवढंच तिला हवं असतं. ही सोबत द्यायला खोटं बोलावं लागत नाही, हे मला फार उशिरा नाही, पण हळूहळू उमगत गेलं.

कुणाला सांगावं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. बातमी उलटली तर जिच्यापाशी रडता येईल, तिलाच ती आधी सांगावी. मग तो दुसरा दिवस असो की तिसरा महिना. बाकीच्यांना नंतर कळलं तरी चालेल. आणि ऐकणारीने 'काही नव्हतंच' म्हणू नये. 'नशीब, लवकर झालं' हेही नको. "मला कळलं. मी येते," एवढं म्हणावं. जमलं तर डब्यात वरणभात घेऊन जावं.

२०१४ साली आम्हाला मुलगी झाली. तिच्या येण्याने आमचं घर भरलं. पण ती आधीच्या त्या पाच दिवसांचं उत्तर नाही आणि तिच्यावर तसं ओझं टाकायची माझी इच्छाही नाही. ते पाच दिवस आमच्या हिशेबात वेगळे लिहिलेले आहेत.

मंडळाच्या कार्यक्रमांत आपण एकमेकांना "काय, गोड बातमी कधी?" असं सहज विचारतो. प्रेमानेच विचारतो. पण ज्या मुलीला विचारतो, तिच्या पर्समध्ये कदाचित आज सकाळची पट्टी रुमालात गुंडाळलेली असेल आणि तिची तिलाच ती अजून वाचता आलेली नसेल. तिला ते दोन दिवस मिळू द्यावेत. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. तेव्हा आपण जवळपास असलो आणि आपल्याला वेळ असला म्हणजे झालं.